३० पटीचं म्हणून घेतलेलं भिंग

साकोलीकडच्या आठवडी बाजारात चष्मेवाल्याकडून १८० रुपयांत घडीचं भिंग घेतलं. कडेवर '३० पट' कोरलंय. घेतलं ते घरातल्या वादापायी.

बांधावरचं सडकं आंब्याचं खोड फोडलं, तर आतून काळपट, चपटे, बिनपंखांचे किडे निघाले, लहानमोठे सगळे एकाच घडणीचे. बाबा म्हणाले, "गेंडा भुंग्याची मादी हाये थे. मादीले शिंग नसते." मी म्हणालो, झुरळ. झुरळ न्हाणीत असते, वावरात काहून येईन, म्हणून ते माझ्यावरच हसले.

रात्री बल्बवर आपटलेला एक गेंडा भुंगा आणि खोडातला एक किडा ताटलीत शेजारी ठेवले. भुंग्याची मिशी आखूड, टोकाला पातळ पानांची जुडी. डिवचलं की ती पंख्यासारखी उघडायची. दुसऱ्याची मिशी लांब, बारीक मणी ओवलेल्या दोऱ्यासारखी. शिवाय त्याच्या मागच्या टोकाला दोन छोटे काटे. भुंग्याला ते नाहीत. आणि गेंडा भुंग्याच्या मादीलाही शिंग असतं, फक्त नरापेक्षा आखूड.

बाबांना पटलं ते मात्र पिल्लांवरून. भुंग्याचं पिल्लू म्हणजे उकिरड्यात सापडणारी पांढरी, वाकडी अळी. कोषातून भुंगा निघतो तो पंखांसकट, पुढे वाढत नाही. झुरळाचं पिल्लू पहिल्यापासून झुरळासारखंच दिसतं, कात टाकत मोठं होतं. वाळवीही झुरळांच्याच कुळातली, हे सांगितल्यावर बाबा उठूनच गेले.

आता भिंगाबद्दल. उन्हात कागदावर सूर्याचा ठिपका पाडला, सर्वांत बारीक झाला तेव्हा अंतर मोजलं: अडीच सेंमी. डोळ्याला ताण न देता जवळचं वाचायचं अंतर २५ सेंमी धरतात, त्याला या अडीचनं भागलं की १० पट. खरंच ३० पट असतं तर किडा काचेपासून ८ मिमीवर धरावा लागला असता, भुंग्याचं शिंगच काचेला टेकलं असतं! कडेला चित्र पसरतं, रंगीत झालर दिसते. बाजूचा छोटा दिवा पंधरा दिवसांत गेला. बिजागरीचा स्क्रू उकिरड्यात पडला, तिथे मी तार पिळली आहे.

मधला भाग मात्र स्वच्छ दिसतो, आणि किडे ओळखायला १० पट भरपूर. १०० रुपयांपर्यंत मिळालं तर घ्या, ३० च्या आकड्याचे पैसे देऊ नका.

माझं आता बाबांच्या बंडीच्या खिशात असतं. धानावरचे तुडतुडे पाहतात त्यानं. मलाच मागावं लागतं.