उन्हाळी इंटर्नशिप: मुंबईचं ऑफिस की रत्नागिरीची बाग?

एमबीएचं पहिलं वर्ष संपलं की आमच्याकडची मुलं दोन महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी सरळ कोकणकन्या पकडतात. मुंबईच्या कंपनीत शिस्त कळते, बायोडेटाला वजन येतं, काम आवडलं तर तिथेच नोकरीही मिळू शकते. बँकिंग किंवा कन्सल्टिंग करायचं असेल तर मुंबईच गाठा. फक्त खोलीभाड्याचा हिशेब आधी मांडा.

मार्केटिंग किंवा सप्लाय चेन शिकायची असेल, तर मी आंबा बागायतदाराकडे जायला सांगेन. मे महिन्यात पडवीत पेट्यांची रास, आत गवतावर मांडलेली फळं, प्रतवारी करणारे सराईत हात आणि फोनवर वाशीच्या घाऊक बाजाराचा दर. दर पडला की माल पाठवायचा की कॅनिंगला द्यायचा, हे त्याच दिवशी ठरवावं लागतं. असा निर्णय वर्गात कुठे घ्यायला मिळतो? हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ठरावीक भागातल्या आंब्यालाच ते नाव लावता येतं; ते ग्राहकाला समजावून पेटी थेट विकणं, हे तुमच्यासाठी खरं काम आहे.

इथे मार्गदर्शक नेमलेला नसतो, स्टायपेंडही बेताचा. म्हणून काम, मुदत आणि प्रमाणपत्र आधीच लेखी ठरवून घ्या. किती पेट्या विकल्या, किती परत आल्या, हे रोज वहीत लिहा. प्लेसमेंटच्या मुलाखतीत तीच वही कामाला येते.