लिज्जतचा उडीद पापड: लाटणारीच मालकीण

आमच्या घरी पूर्वी उन्हाळ्यात गच्चीवर पापडांचे वाळवण पडत असे. ते थांबल्यापासून ताटात लिज्जतचा काळी मिरी घातलेला उडीद पापड असतो. चिमट्यात धरून थेट आचेवर भाजला की तो क्षणात फुलतो, मध्ये कच्चा राहत नाही आणि कडेला जाड लागत नाही. हाताने लाटलेल्या पापडात ही एकसारखी जाडी साधणे किती कठीण आहे, हे ज्यांनी उडदाच्या लाट्या लाटल्या आहेत त्यांना ठाऊक असेल. आणि हा पापड कोणा एका कारखान्यात नव्हे, तर हजारो घरांत लाटला जातो.

हा दर्जा टिकतो याचे कारण मला संस्थेच्या रचनेत दिसते. 15 मार्च 1959 रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनी 80 रुपये उसने घेऊन काम सुरू केले, आणि दान किंवा मदत स्वीकारायची नाही असे ठरवले. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम चार महिने बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी आणली आणि खाटेवर पापड पसरून खालून ऊब देण्याची सोय केली. आरंभी स्वस्तातला हलका मालही काढला जात होता. त्यांचे मार्गदर्शक छगनलाल पारेख, म्हणजे छगनबापा, यांनी तो थांबवून दर्जाशी तडजोड करू नये असे सांगितले. माझ्या मते संस्थेचे पुढचे सारे यश या एका सल्ल्यावर उभे आहे, कारण हलका पापड विकून मिळालेला चार पैशांचा फायदा सातही जणींच्या नावाला बट्टा लावून गेला असता.

आजही भिजवलेले पीठ शाखेत तयार होते, सभासद भगिनी ते घरी नेऊन लाटतात, वाळलेले पापड शाखेत आणून देतात आणि लाटण्याची मजुरी घेतात. त्या नोकर नसून सहमालक आहेत, त्यामुळे नफा-तोटा दोन्ही त्यांच्याच पदरात पडतो. एकीने निष्काळजीपणे लाटलेला पापड दुसरीच्या मिळकतीला झळ पोहोचवतो. म्हणूनच स्वतःचे भले आणि सगळ्यांचे भले ही दोन कामे तिला वेगळी करावी लागत नाहीत. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा मला घरच्या माणसाचा गौरव झाल्यासारखा आनंद झाला.

लाटणे हे मनगट आणि पाठ मोडणारे काम आहे, म्हणून पापडाची किंमत मी कधी घासाघीस करण्याजोगी मानत नाही. पापडखार आणि मीठ असल्यामुळे रक्तदाब असणाऱ्यांनी मात्र एकावर थांबावे. तळण्यापेक्षा भाजलेला पापड मिरीचा स्वाद अधिक राखतो. तो आधी भाजून ठेवू नये, पाने वाढून झाली की मगच आचेवर धरावा.