ओबीएम तापते: पंप बदलायचा, की लाँगटेल घ्यायची?

"भाऊ, मोटर गरम होऊन राहिली. विकूनच टाकतो म्हणतो आता." पंधरा दिवसांत दोन मच्छीमार संस्थांकडून हेच ऐकलं. एक संस्था पवनीकडची, गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात जाळी टाकणारी. दुसरी अर्जुनी मोरगावच्या बाजूची, मामा (माजी मालगुजारी) तलावावरची. दोघांकडे 8 अश्वशक्तीची, टू-स्ट्रोक, पाण्यावर थंड होणारी आउटबोर्ड मोटर (ओबीएम), डोंग्याच्या मागे अडकवायची. तक्रार एकच, पण मी दोघांना दोन वेगळी उत्तरं दिली. ती का, ते नीट लिहितो, कारण पावसाळ्याआधी हाच प्रश्न आपल्या भागातल्या बऱ्याच संस्थांपुढे असतो.

आधी एक गैरसमज बाजूला करू. "आपल्याकडचं ऊनच असं आहे, मोटर तापणारच," असं सगळे म्हणतात. ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडचा मे महिना काय असतो ते मला सांगायला नको. पण ही मोटर हवेवर नाही, पाण्यावर थंड होते. तलावाचं पाणी दुपारी 35 अंशांचं धरलं, तरी 60 अंशांच्या आसपास चालणाऱ्या इंजिनासाठी ते पुरेसं गार आहे. पाणी इंजिनापर्यंत पोचत असेल तर नुसत्या उन्हाने ती तापत नाही. तापते, कारण बहुतेक वेळा पाणी पोचत नाही. म्हणून विकायचा विचार करण्याआधी पाणी कुठे अडलंय ते शोधा.

पाण्याची वाट छोटी आहे. पंख्याच्या वर, गिअरच्या डब्यावर बारीक जाळी असते, तिथून पाणी आत येतं. तिच्या वर पंप असतो, त्यातला रबराच्या पात्यांचा इंपेलर पाणी नळीतून वर ढकलतो. ते इंजिनाच्या ब्लॉक आणि हेडमधून फिरतं, थर्मोस्टॅटमधून (ठरावीक तपमानाला उघडणारी झडप) जातं आणि एक्झॉस्टबरोबर खाली निघून जातं. त्यातली थोडी धार मागच्या बाजूच्या भोकातून बाहेर पडते, ती आपल्याला दिसावी म्हणूनच.

धार बंद झाली की मोटर लगेच बंद करा. "काठापर्यंत जाऊ दे" म्हणत ओढलेल्या मोटरींचे पिस्टन चिकटलेले मी पाहिलेत. आणि तापलेल्या इंजिनावर डबक्यातलं पाणी ओतू नका, हेड वाकतं. झाकण काढून तसंच निवू द्या.

निवल्यावर आधी जाळी बघा. गोसीखुर्दच्या पाण्यात नाग नदीतून येणारं नागपूरचं सांडपाणी मिसळतं आणि त्यावर इकॉर्निया (जलपर्णी) माजतो. त्याची मुळं जाळीला दाढीसारखी चिकटतात. मामा तलावात शेवाळ, कमळाचे देठ, काठच्या बेशरमीचा पाला. आणि पन्नी सगळीकडेच. पन्नी जाळीवर बसली की धार एकदम थांबते, शेवाळ असलं तर हळूहळू बारीक होते. एवढ्या फरकावरूनही अंदाज येतो.

जाळी साफ असूनही धार नसेल तर भोकात जाड नायलॉन दोरा घाला. तार नको, आतली नळी फाटते. मोटर खोलीत पडून असेल तर कुंभारीण माशी त्या भोकात मातीचं घर करते. ती माती निघाली आणि धार जोरात आली, की मोटर मुळात तापलीच नव्हती, फक्त भोक बुजलं होतं. हेडला हात लावून खात्री करायला जाऊ नका, हेडवर पाण्याचे दोन थेंब टाका. थेंब चर्र करून उडाले तर तपमान शंभराच्या वर आहे. लांबून तपमान सांगणारं गॅरेजचं यंत्र असेल तर उत्तमच. करोनाच्या काळातलं कपाळावर धरायचं इथे कामाचं नाही, ते तापाच्या आकड्यांपलीकडे मोजत नाही.

इथवर सगळं ठीक असेल तर संशय पंपावर. आपल्या भागातल्या दहा तापलेल्या मोटरी माझ्यापुढे ठेवल्या तर मी आधी दहाही पंप उघडेन.

नुसता इंपेलर की पूर्ण किट

बहुतेक जण इथेच पैसे वाचवतात आणि पुढच्या वर्षी तेच काम पुन्हा करतात. इंपेलर म्हणजे रबराची चकती. ती एका स्टीलच्या वाटीत फिरते, खाली स्टीलची पट्टी असते. स्वच्छ पाण्यात आधी रबर झिजतं, तेव्हा नुसता इंपेलर बदलून भागतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी उतरलं की पंखा गाळ ढवळतो आणि तो गाळ पंपातून जातो. बारीक वाळू वाटी आणि पट्टीवर चरे पाडते. मग नवं रबर टाकलं तरी चऱ्यांतून पाणी मागे पळतं. नख फिरवा. नख अडकलं तर वाटी, पट्टी, गॅस्केट आणि चावीसकट पूर्ण किटच टाका. अडकलं नाही तर इंपेलर पुरे.

जास्त बिघाड वापरण्याने होतो की पडून राहण्याने? दोन्हीने, पण पडून राहण्याने होणारा कोणी मोजत नाही. मोटर आठ महिने खोलीत उभी राहिली की पाती वाकलेल्या स्थितीतच कडक होतात. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेला जो पूर आला, तशा वेळी एरवी कोपऱ्यात पडलेल्या मोटरीच माणसं काढायला बाहेर येतात. त्या मोटरीचा इंपेलर वापर झाला नसला तरी दोन वर्षांत बदलायलाच हवा. रोज चालणाऱ्या मोटरीचा मी दर उन्हाळ्याआधी बदलतो.

स्वस्तातला इंपेलर आणि कंपनीचा यांत बाहेरून फरक कळत नाही. पात वाकवून सोडून बघा. चांगलं रबर झटकन सरळ होतं. जुना साठ्यातला असेल तर मुडपतो आणि तसाच राहतो. नागपूरला मिळाला नाही तर मुंबई किंवा कोकणातून कुरिअरने मागवा, चार दिवस थांबावं लागलं तरी चालेल.

काम अवघड नाही. खालचं युनिट उतरवायचं, गिअरची दांडी सोडवायची, पंपाचे बोल्ट काढायचे. जुना इंपेलर निघाला की पाती मोजा. एखादी तुटलेली असेल तर तो तुकडा सापडल्याशिवाय मोटर जोडू नका. तो वर नळीत किंवा थर्मोस्टॅटपाशी अडकलेला असतो, आणि नवा पंप बसवूनही मोटर पुन्हा तापते. नवा बसवताना रबराला साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन लावा, साधं ग्रीस नाही. शाफ्ट घड्याळाच्या दिशेने फिरवत वाटी खाली दाबा, म्हणजे पाती योग्य बाजूला वाकतात. मोटरीच्या पुस्तकात दिशा वेगळी असेल तर पुस्तकाचं ऐका.

आणि कोरडी चालवू नका, दहा सेकंदही नाही. ही चूक माझ्या हातून झाली आहे. प्लास्टिकच्या ड्रममध्ये मोटर उभी करून चालू केली. पाणी जाळीच्या वर होतं, पण गिअर पडला आणि पंख्याने निम्मं पाणी अंगणात उडवलं. माझं लक्ष कार्बोरेटरकडे. मिनिटभरात नव्या इंपेलरची पाती जळून टोकं विरघळली. आता ड्रममध्ये चालवायची तर पंखा काढून ठेवतो आणि पाइपने पाणी चालू ठेवतो.

थर्मोस्टॅट: बदलायचा की काढून टाकायचा

काही मिस्त्री तो काढूनच टाकतात, "आपल्याकडे थंडी कुठे आहे" म्हणतात. धार चांगली आणि तरीही हेड तापत असेल तर दोष थर्मोस्टॅटचा असू शकतो, कारण बऱ्याच मोटरींत धार त्याच्या आधीच निघते. पातेल्यात पाण्यात टांगून तापवा. साधारण 50 ते 60 अंशांत उघडला पाहिजे. नाही उघडला तर नवा टाका. काढून ठेवलात तर जाळ्यामागे हळू चालताना इंजिन गारच राहतं, प्लग तेलकट होतो, आणि मग मोटर सुरू होत नाही ही दुसरी तक्रार घेऊन तुम्ही परत येता. एखाद्या दिवसाची अडचण भागवायला काढा, नेहमीसाठी नाही.

मिस्त्रीकडे पूर्ण उघडायची कधी

पंप नवा, थर्मोस्टॅट चांगला, आणि तरीही ताप. तेव्हाच. दोन सिलिंडरच्या कॉम्प्रेशनमध्ये ठळक फरक दिसला, किंवा प्लगवर पाण्याचे थेंब दिसले, तर हेड गॅस्केट गेलंय. ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटांत गाळ घट्ट बसला असेल तर हेड उघडल्याशिवाय निघत नाही. पण मिस्त्रीला पैसे देण्याआधी पेट्रोल बघा. तेलाचं प्रमाण 50 ला 1 सांगितलं असेल तर लिटरमागे 20 मिली, अंदाजे झाकणभर नव्हे. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जुन्या कार्बोरेटरात ते मिश्रण पातळ करतं, आणि पातळ मिश्रणाने टू-स्ट्रोक आतून तापतो. तेव्हा धार अगदी व्यवस्थित असते, म्हणून कोणाला शंका येत नाही. कार्बोरेटर साफ केल्याशिवाय हेडला पाना लावू देऊ नका.

मोटर डोंग्यावर बसते कशी, तेही बघा. पंख्याच्या वरची आडवी पट्टी डोंग्याच्या तळापेक्षा थोडी खाली हवी. मोटर उंच बसली तर वळणावर जाळी हवा ओढते.

मग लाँगटेल का घ्यायची

लाँगटेल म्हणजे पंपाला किंवा पॉवर वीडरला असतं तसं साडेसहा अश्वशक्तीचं फोर-स्ट्रोक इंजिन, त्याला लांब शाफ्ट आणि टोकाला पंखा. पाण्याचा पंप नाही, जाळी नाही, इंपेलर नाही. हवेवर थंड होतं. मामा तलावासाठी एवढंच पुरेसं आहे. या तलावांत एप्रिलपासून कंबरभर पाणी, खाली गाळ, वर शेवाळ. तिथे आउटबोर्ड दर अर्ध्या तासाला उचलून जाळी साफ करावी लागते. लाँगटेलची शेपटी पाण्याच्या वरच्या थरात चालते, वेळ पडली तर दांडा दाबून पंखा बाहेर काढता येतो. बिघाड झाला तर तालुक्याच्या गावी शेतीपंप दुरुस्त करणारा कोणीही ते इंजिन उघडतो. आउटबोर्डच्या मिस्त्रीसाठी नागपूर गाठावं लागतं.

उन्हाचा हिशेब मात्र इथे उलटा होतो. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाच्या फिन (बाहेरच्या धातूच्या पट्ट्या) 150 अंशांवर धरल्या, तर 25 अंशांच्या हवेत 125 अंशांचा फरक मिळतो, 45 च्या हवेत 105 चा. थंड होण्याची ताकद सहाव्या हिश्शाने कमी होते. म्हणजे मे महिन्यातल्या दुपारी आउटबोर्डला ऊन बाधत नाही, लाँगटेलला बाधतं. फिनमध्ये तणस, पिसं, वाळलेलं शेवाळ अडकू देऊ नका, आणि सावलीसाठी इंजिनावर पोतं टाकू नका, इंजिन गार करणाऱ्या आतल्या पंख्याची हवाच बंद होते. शेपटी फार खाली दाबली की इंजिन वाकडं होतं. 20 अंशांच्या पुढे सतत तिरपं चाललं तर तेल वरपर्यंत पोचत नाही. ही इंजिनं तेलाअभावी जातात, तापून जातात त्याहून जास्त.

आवाज मोठा आहे. वळायला जागा जास्त लागते, आणि उघडा पंखा मागे लांबवर फिरतो. शिंगाडे काढणाऱ्या बाया कमरेभर पाण्यात उभ्या असतात, त्या तलावात सकाळी लाँगटेल फिरवायची असेल तर आधी वेळा ठरवून घ्या. माझा या बाबतीत आग्रह आहे.

गोसीखुर्दसारख्या मोठ्या पाण्यात पारडं आउटबोर्डकडे झुकतं. वारा सुटला की लाटा उठतात, तिथे ताबडतोब वळणारी, मागे घेता येणारी मोटर हवी. साध्या लाँगटेलला रिव्हर्स नसतो. अंतरही लांब, आणि भरल्या डोंग्याला आउटबोर्डचा जोर उपयोगी पडतो.

बॅटरीच्या मोटरीबद्दल थोडक्यात. तापण्याचा प्रश्न जवळपास नाही, आवाज नाही. पण 55 पौंड थ्रस्टची 12 व्होल्टची मोटर पूर्ण वेगात 50 अँपिअर ओढते. 100 एएचच्या (अँपिअर-तासांच्या) साध्या बॅटरीतून टिकाऊपणासाठी निम्मीच वीज काढायची म्हटलं तर तासभर मिळतो, आणि ती बॅटरी 30 किलोच्या आसपास भरते. छोट्या तलावावर मत्स्यबीज सोडायला, खाद्य टाकायला छान. रोजच्या जाळ्यासाठी मी घेणार नाही.

पवनीच्या संस्थेला मी सांगितलं, मोटर ठेवा, पूर्ण पंप किट टाका, एक इंपेलर जास्तीचा घेऊन डब्यात ठेवा, आणि इकॉर्नियाचा पट्टा आला की तो मोटर उचलून बांबूने ओलांडा. त्यांनी उघडलं तेव्हा इंपेलरच्या सहापैकी दोन पाती गायब होत्या. एक तुकडा नळीत सापडला, दुसरा थर्मोस्टॅटखाली.

अर्जुनीकडच्यांना म्हणालो, लाँगटेल घ्या. त्यांच्या मोटरीत दोष असा नव्हताच, तलाव तिच्याजोगा नव्हता. जुनी आउटबोर्ड मोठ्या धरणावरच्या एखाद्या संस्थेच्या कामी येईल. पण विकण्याआधी तिचा पंप बदला, घेणाऱ्यासमोर ड्रममध्ये चालू करून धार दाखवा, आणि काढलेला जुना इंपेलर त्याच्या हातात द्या.