प्लायची टाकी: गळत नाही, पण प्लायवाल्याने डोकं उठवलं

प्लायची माशांची टाकी आतून जलरोधक करायला एपॉक्सी (दोन भाग मिसळून कडक होणारं रेझिन) आणि फायबर कसं लावायचं त्याचे व्हिडिओ ढिगाने आहेत, ते सोडा. माझी टाकी ६ बाय २ बाय २ फूट, १९ एमएम मरीन (पाण्याला टिकणाऱ्या) प्लायची दोन शीट, आतून विणलेलं ग्लास कापड न् एपॉक्सी, समोर १२ एमएम काच. काठोकाठ भरली तर ६८० लिटरच्या आसपास. आत दोन ऑस्कर मासे. बरेच महिने झाले, आजवर एक थेंब गळलेला नाही.

तरी डोकं फिरलंय, कारण मागच्या आठवड्यात ओव्हरफ्लोसाठी, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर जायला, मागच्या बाजूला भोक पाडलं आणि होल सॉमधून (गोल भोक पाडायच्या करवतीतून) जी चकती निघाली तिच्या मधल्या थरात करंगळी जाईल एवढी पोकळी! वर शिक्का मात्र आयएस ७१०, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा. चकती घेऊन दुकानात गेलो तर मालक म्हणतो, "साहेब, लोक किचनला नेतात, तुम्ही मासे पाळता त्याला मी काय करू?" अहो, मग मरीनचा भाव कशाला लावलात? म्हणे ७२ तास उकळलं तरी काही होत नाही. अरे पण ती परीक्षा थर चिकटवणाऱ्या डिंकाची, पोकळी काय उकळून भरते का? पाणी एकदा तिथे पोचलं की थराथरातून लांब सरकतं, फुगतं भलतीकडेच आणि गळती शोधत बसा. म्हणून शीट घेताना चारही कडा टॉर्च मारून बघा, ठोकून बघा, पोकळ आवाज आला की सरळ पुढच्या दुकानात.

पैशाचं म्हणाल तर सुरुवातीला मी ज्याला त्याला सांगत सुटलो होतो, काचेपेक्षा निम्म्यात होतं. आता नाही सांगत. रेझिन, कापड, ऍसिटोन, ग्लोव्ज, शिवाय दर कोटला नवा ब्रश कारण जुना दगड होतो, यात बचत बरीच विरघळली. एवढी एकच टाकी करायची तर काचेचीच घ्या असं मी दिवाळीपर्यंत म्हणत होतो.

मग आमची नाशिकची थंडी आली आणि परत मत फिरलं. लाकूड ऊब धरून ठेवतं, जुन्या काचेच्या टाकीत हीटरचा दिवा रात्रभर लागलेला असायचा, इथे बराच वेळ बंदच दिसतो. बायकोने बिल बघून पहिल्यांदाच टाकीबद्दल चांगला शब्द काढला.

बाकी, पावसाळ्यात कोट मारू नका, दमट हवेत एपॉक्सीवर मेणचट थर येतो, तो कोमट पाण्याने घासून काढल्याशिवाय पुढचा कोट धरत नाही. आणि चटई फायबर (न विणलेल्या, तुकडे तुकडे धाग्यांचं) स्वस्त म्हणून आणू नका, ती बहुतेक पॉलिएस्टर रेझिनसाठीची असते, एपॉक्सीत नीट भिजत नाही.

भोकाची कड सिलिका पावडर घातलेल्या घट्ट एपॉक्सीने भरली, पोकळीसकट. दुकानदार आता म्हणतो पैसे नाही, पुढच्या मालात डिस्काउंट देतो. त्याच्याकडून पुढचा माल कोण घेतंय!