डिस्कवर ओरखडा आहे का, हेही न विचारणारं गिऱ्हाईक

400 डॉलर गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना जीव टांगणीला नको. गेले ते एका व्हिडिओ गेमच्या डिस्कपायी, जी मी स्वतःच 80 डॉलरला विकायला काढली होती. वस्तूच्या पाचपट फटका, आणि वस्तू अजून आमच्याच टीव्हीखालच्या खणात आहे.

आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या उपनगरात राहतो. इथे मार्च ते सप्टेंबर बोलायला दुसरा विषय नसतो, फक्त फुटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल. ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. लंबगोल मैदान, लंबगोल चेंडू, एकेका बाजूला 18 खेळाडू आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथ मारून चेंडू घातला तर 6 गुण, बाजूच्या फटीतून गेला तर 1. चेंडू हाताने फेकायचा नाही, मुठीने ठोसून द्यायचा. घेऊन पळायचं तर दर 15 मीटरला जमिनीवर टेकवायचा. मी आणि बायको अजून क्रिकेटवालेच, पण लेक इथलीच. वेस्टर्न बुलडॉग्जची कट्टर. 2016 साली त्या संघाने 62 वर्षांनी करंडक जिंकला तेव्हा ती एवढीशी होती. तेव्हाचा लाल-पांढरा-निळा स्कार्फ आता पार विटलाय, पण टाकू देत नाही.

फुटीचा नवा गेम आला की पोरांचा सणच. सॉकरचा गेम दरवर्षी येतो, हा येत नाही. खेळ मुख्यतः एकाच देशातला, गिऱ्हाईकही तेवढंच, त्यामुळे दोन-तीन वर्षं वाट बघत बसायचं. आजीने नाशिकहून वाढदिवसाला पाठवलेल्या पैशांत माझे थोडे घालून आम्ही 110 डॉलरची डिस्क घेतली. शुक्रवारी संध्याकाळी सुरू केली. रविवारी दुपारपर्यंत लेकीचा चेहरा बघवत नव्हता.

पुढच्या शनिवारी लेक स्वतः खेळते त्या संघाची मॅच होती. मैदानाच्या कडेला सॉसेज भाजले जात होते आणि सगळ्यांच्या तोंडी एकच विषय. कुणाचा गेम तिसऱ्या क्वार्टरला, म्हणजे मॅचच्या चारपैकी तिसऱ्या भागात, हमखास हँग व्हायचा. कुणाचं करिअर मोडमधलं दोन आठवड्यांचं खेळणं एका अपडेटनंतर साफ पुसलं गेलं. बचाव करणारे खेळाडू चेंडू डोक्यावरून जाताना बघत उभे राहायचे, जणू बसस्टॉपवर आहेत. माझ्या लेकीची तक्रार वेगळी होती. मेलबर्नजवळच्या जीलाँग शहरातलं मैदान खऱ्यात लांबट आणि अरुंद आहे, तिथे कडेकडेने खेळावं लागतं. गेममध्ये तेही बाकीच्यांसारखंच वाटतं, म्हणे. मला यातला फरक कळत नाही, पण ती ज्या पोटतिडकीने सांगत होती ते ऐकून तो महत्त्वाचा असणार हे कळलं. एक प्लंबर बाप म्हणाला, टेस्टिंगचे पैसे आपल्याला मिळायला हवेत, आपण उलटे भरतोय.

सगळेच शिव्या देत होते असंही नाही. दोन मोठी पोरं हिरिरीने बाजू घेत होती. म्हणाली, टॅकल (समोरच्याला पकडून अडवणं) इतका चांगला आधी कधीच जमला नव्हता, दोन पॅच, म्हणजे दुरुस्तीचे अपडेट, येऊ द्या. त्यांचंही खरं असावं. मैदानात 36 जण, ऑफसाइड नाही, कोणीही कुठेही पळणार, त्यात अंड्याच्या आकाराचा चेंडू टप्पा पडल्यावर कुठे उडेल याचा नेम खऱ्या खेळाडूंना लागत नाही, तो कॉम्प्युटरला काय लागणार! पण तेरा वर्षांच्या पोरीला हे सांगून उपयोग नसतो.

दुकानात परत घेऊन गेलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, पाकीट फोडलंय, मन बदललं म्हणून पैसे परत मिळत नाहीत, बिघाडाचं कंपनीला लिहा. मी मान डोलावून बाहेर पडलो. माझी पहिली चूक ही. इथल्या ग्राहक कायद्यानुसार नुसतं मन बदललं तर दुकानदार नाही म्हणू शकतो, पण मालातच मोठा दोष असेल तर त्याला जबाबदारी घ्यावी लागते, 'कंपनीला लिहा' म्हणून हात झटकता येत नाहीत. गेमही त्यात येतात. स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीला याच कायद्याखाली 2016 साली 30 लाख डॉलरचा दंड झाला होता. हे सगळं मी नंतर वाचलं. तेव्हा वाटलं, कशाला वाद, विकून टाकू.

जुन्या सामानाच्या साइटवर जाहिरात टाकली. बघतो तर आमच्या आसपास याच डिस्कच्या आणखी आठ-दहा जाहिराती. अख्ख्या मैदानाच्या कडेने एकदमच ठरवलं असावं. कुणी 70 मागत होता, कुणी 60, एकाने तर 'घेऊन जा एकदाची' असंच लिहिलं होतं. मी 80 वर अडून बसलो, आजीचे पैसे म्हणून. चार दिवस एक निरोप नाही.

पाचव्या रात्री फोन वाजला. 'अजून आहे का?' बाईचं नाव, फोटोत दोन लहान मुलं. मी म्हटलं आहे. ती म्हणाली, घेते, पूर्ण 80 देते. घासाघीस नाही. डिस्कवर ओरखडा आहे का, कुठल्या कन्सोलची आहे, काहीच विचारलं नाही. शेजारी तीच वस्तू 60 ला मिळत असताना 80 देणारं गिऱ्हाईक! लक्ष्मी रोडवर असं कुणी भेटलं असतं तर मी खिशातलं पाकीट चाचपलं असतं. इथे मी खूश झालो.

तिला यायला जमणार नव्हतं, भाऊ येऊन डिस्क नेणार होता. पैसे ती आत्ताच पेआयडीने पाठवते म्हणाली. पेआयडी म्हणजे इथलं यूपीआयसारखं प्रकरण. 2018 पासून आहे. मोबाइल नंबर किंवा ईमेल बँक खात्याला जोडायचा, त्यावर पैसे लगेच जमा. मी नंबर दिला. ती म्हणाली, ईमेलही दे, तिकडे पावती येते. तोही दिला. वास्तविक पैसे पाठवायला दोन्हींतलं एकच पुरतं.

दोन मिनिटांत ईमेल हजर. पेआयडीचा लोगो, खाली माझं नाव, 80 डॉलरची नोंद आणि पुढे नारिंगी अक्षरांत 'प्रलंबित'. मजकूर असा की तुमचं खातं वैयक्तिक आहे, बिझनेस प्रकारचं नाही, त्यामुळे मर्यादा वाढवण्यासाठी पाठवणाऱ्याने आणखी 400 डॉलर पाठवणं आवश्यक आहे. ते 400 तुम्ही त्यांना परत केलेत की एकूण 480 तुमच्या खात्यात दिसतील. लगोलग बाईचा निरोप आला: मी 400 भरले हो, आता तुम्ही परत करा, माझे घरभाड्याचे पैसे आहेत. मुलांचा फोटो पुन्हा डोळ्यांसमोर आला. ईमेल कुठल्या पत्त्यावरून आलाय ते पाहायला त्या ओळीवर बोट ठेवायचं असतं. मी ठेवलं नाही. नंतर ठेवलं, तेव्हा तो साधा जीमेलचा पत्ता निघाला.

तिने पैसे परत पाठवायला एक नंबर दिला. बँकेच्या ॲपमध्ये तो टाकला की ज्याच्या नावावर पेआयडी आहे त्याचं नाव दिसतं. ही सोय फसवणूक टळावी म्हणूनच केलेली आहे. पडद्यावर एका पुरुषाचं नाव आलं, आडनावही बाईच्या आडनावाशी जुळत नव्हतं. ते मी पाहिलं, नीट वाचलं. आणि मनातल्या मनात स्वतःच उत्तर तयार केलं: भाऊ असेल, लग्न झालेली बहीण, आडनाव वेगळं असणारच. तिला खोटं बोलायचे कष्टही पडू दिले नाहीत मी. पुढे ॲपने लाल चौकटीत विचारलं, तुम्हाला कुणी हे पैसे पाठवायला सांगितलंय का? मी 'नाही' वर टिचकी मारली, कारण 'हो' म्हटलं तर उगाच वेळ जाईल असं वाटलं. बटण दाबलं. 400 गेले.

खात्यात 480 आले नाहीत. नवा ईमेल आला: रक्कम कमी पडली, आता 800. बाई आता घाई करायला लागली, रडका सूर लागला, मग पोलिसांचं नाव निघालं. मी खरोखरच शिल्लक तपासत होतो. तेवढ्यात पाणी प्यायला उठलेल्या लेकीने खांद्यावरून पाहिलं आणि विचारलं, "बाबा, ती पैसे देणार होती ना? मग तू का देतोयस?"

रात्रीच बँकेला फोन लावला. बँकेतली बाई नीट बोलली, पण मुद्दा सरळ होता: पैसे मी स्वतःहून पाठवले, ते क्षणात पोहोचले, समोरच्या बँकेला कळवतो, खात्यात काही उरलं असेल तर बघू. काही उरलं नव्हतं. ज्याच्या नावाने पैसे गेले तोही बहुधा खातं भाड्याने दिलेला कुणी बापडा असेल. मग रिपोर्टसायबर या सरकारी साइटवर पोलिसांकडे तक्रार केली, फसवणुकीची नोंद घेणाऱ्या स्कॅमवॉचला कळवलं. फोटो, परवाना वगैरे पाठवला असता तर ओळखपत्रांचा गैरवापर झाल्यास मदत करणाऱ्या आयडीकेअर या संस्थेशी बोलावं लागलं असतं. तेवढं तरी टळलं.

ज्यांना अशा जाहिराती टाकायच्या आहेत त्यांनी हे ध्यानात घ्यावं. पेआयडी आपण होऊन कुणाला ईमेल, मेसेज, फोन काही करत नाही. जे काही दिसतं ते तुमच्या बँकेच्या ॲपमध्येच. पैसे घ्यायला बिझनेस खातं लागत नाही, मर्यादा असते ती पाठवणाऱ्याला. आणि पैसे आले की नाही हे फक्त खात्यातल्या शिलकेवरून ठरवायचं. ईमेल, स्क्रीनशॉट, पावती यांना काडीची किंमत नाही.

नाशिकला भावाला सांगितलं तर तो हसला नाही, हे विशेष. म्हणाला, अरे, आमच्याकडे हेच 'मी लष्करात आहे, बदली झालीय, तुमचा सोफा न बघताच घेतो' म्हणून चालतं. पैसे देतो सांगून क्यूआर पाठवतात आणि पिन टाकायला लावतात. पैसे घ्यायला पिन लागत नाही एवढंच लक्षात ठेवायचं, तर तेवढ्यातच माणसं चुकतात. त्याच्या सोसायटीतल्या निवृत्त हेडमास्तरांचे सोफ्यापायी गेले होते. भारतात असं झालं तर लगेच 1930 वर फोन करा, जितका उशीर तितकी आशा कमी.

आजीला अजून सांगितलेलं नाही. गेमला मात्र दोन अपडेट आले, हँग होणं कमी झालंय. जीलाँगचं मैदान जसंच्या तसं आहे, असं कळतं.

जाहिरात काढायची राहून गेली होती. परवा रात्री पुन्हा निरोप आला, 'अजून आहे का?' नाव दुसरं, फोटोत एक कुत्रा. लेकीने माझ्या हातातला फोन घेतला आणि लिहिलं: "आहे. कधीकधी तिसऱ्या क्वार्टरला बंद पडते. घरी येऊन खेळून बघा, रोख आणा." पलीकडे दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर काही आलं नाही.