नांदेडकरांसाठी शर्यतीची होडी: एकट्याची इल्का की दोघांची एंटरप्राइज?

शिडाची होडी घ्यायची, शर्यतीत उतरायचं आणि राहायचं नांदेडला, तर होडीच्या आधी पाण्याचा विचार करा. मुंबई बंदरातल्या शर्यती पावसाळ्यात थांबतात. हैदराबादच्या हुसेनसागरावर मात्र ऐन जुलैत, पावसाळी वाऱ्यावर, मोठी स्पर्धा रंगते. आपल्याला हैदराबादच जवळ. रात्री निघालं की सकाळी तलावावर. म्हणून गाडीच्या टपावरून नेता येईल तीच होडी घ्या, असं मी म्हणेन.

तशी होडी म्हणजे इल्का, जुनं नाव लेझर. लांबी ४.२३ मीटर, नुसता सांगाडा ५९ किलोंच्या आसपास, डोलकाठी दोन तुकड्यांची. दोघांनी उचलायची, बोलेरोच्या टपावर पालथी घालायची, पट्ट्यांनी आवळायची. एंटरप्राइज लांबीला थोडी कमीच, ४.०४ मीटर, पण ९० किलोंच्या घरात जाते, वर डोलकाठी अखंड. तिला ट्रेलर लागतोच.

शिकायला एंटरप्राइज फार गोड होडी आहे, हे मनापासून सांगतो. एक जण सुकाणूवर, दुसरा पुढच्या शिडावर; नवख्याला शेजारी बसवून वारा समजावता येतो. आपल्या उथळ जलाशयांत तिचा आणखी एक गुण कामी येतो. तिची मधली फळी, म्हणजे होडी आडवी सरकू नये म्हणून तळातून पाण्यात उतरणारी, बिजागरीवर फिरते, खाली काही लागलं की आपसूक वर उचलली जाते. इल्काची फळी सरळ खाली खोचलेली. आमच्या तळ्यात मे महिन्यात ती बुडालेल्या बाभळीच्या खुंटाला अशी धडकली की फळीच्या खोबणीलाच तडा गेला. तेव्हापासून पाणी उतरलं की मी फळी अर्धी वर ओढूनच काठाकडे येतो.

पण जुनी एंटरप्राइज बहुधा प्लायवुडची असते, आणि आपलं ऊन ४२ अंशांचं. लाकूड आकसतं, सांधे उकलतात, दर वर्षी वॉर्निश आलंच. इल्का फायबरची. सावलीत ठेवा, शीड घडी न घालता गुंडाळा आणि काठावर असताना होडीच्या पोकळ पोटाचं बूच काढून ठेवा. बंद पोटातली हवा उन्हात फुगते आणि सांध्यांवर ताण येतो.

खर्चाचं म्हणाल तर इल्काला नियमच वाचवतात. सांगाडा, काठ्या, शीड सगळं ठरलेल्या मापाचं आणि मान्यताप्राप्त कारखान्याचंच लागतं, त्यामुळे पैसा ओतून कुणी पुढे जात नाही. स्वस्त नकली शीड सरावाला चालेल, शर्यतीत नाही. घरात मुलं असतील तर आणखी सोय: सांगाडा तोच ठेवून डोलकाठीचा खालचा तुकडा आणि शीड बदललं की ७.०६ चौरस मीटरचं शीड ५.७६ किंवा ४.७ वर येतं. बाप आणि लेक एकाच होडीवर, आळीपाळीनं.

पैठणचा नाथसागर अफाट आहे, मोह होतोच. पण ते पक्षी अभयारण्य आहे. जलसंपदा आणि वन खात्याला विचारल्याशिवाय होडी उतरवू नका.

जुनी इल्का बघायला जाल तेव्हा पाण्याची बाटली सोबत ठेवा. डोलकाठी बसते त्या नळीत पाणी काठोकाठ ओता आणि पाव तास थांबा. पातळी उतरली तर नळी फुटलेली आहे. मालक कितीही भाव उतरवो, ती होडी घेऊ नका. मग काठीचा खालचा तुकडा सपाट फरशीवर लोटून बघा. डुगडुगत गेला तर तो वाकलाय, तेवढे पैसे कमी करून घ्या.