एनव्हिडिया कार्ड: लपवायचं की बंद करायचं?

गेमिंग लॅपटॉपवर हॅकिंटॉश केलं (म्हणजे साध्या पीसीवर मॅकओएस बसवलं) की पहिला अडथळा एनव्हिडियाचा. मॅक्सवेल-पास्कल कार्डांचे ड्रायव्हर मॅकओएस हाय सिएरापर्यंतच (२०१७) आले, त्यानंतरच्या आरटीएक्स कार्डांना तर कधीच मिळाले नाहीत. त्यामुळे स्क्रीन इंटेलच्या ग्राफिक्सवर चालवायची आणि एनव्हिडियाला बाजूला सारायचं. त्याचे मार्ग दोन.

पहिला सोपा: व्हॉटेव्हरग्रीन (ग्राफिक्ससाठीचं हॅकिंटॉशचं एक्स्टेंशन) टाकून बूट आर्ग्युमेंटमध्ये, म्हणजे सुरू होताना मॅकओएसला द्यायच्या सूचनांत, ‘-वेगनोईजीपीयू’ (-wegnoegpu) लिहायचं. अर्ध्या मिनिटाचं काम. पण यात मॅकओएसच्या नजरेआड कार्ड जातं, वीज मात्र चालूच राहते. काहीच न करता लॅपटॉप तापतो, पंखा घरघरतो, बॅटरी भराभर उतरते. ‘मॅक नीट चालतंय, पण तापतंय’ असं कुणी म्हटलं की माझा पहिला संशय इथेच जातो.

दुसरा मार्ग ‘एसएसडीटी-डीजीपीयू-ऑफ’चा. ही छोटी एसीपीआय फाइल (एसीपीआय म्हणजे हार्डवेअर आणि त्याची वीज कशी हाताळायची हे सिस्टिमला सांगणारी व्यवस्था) बूट होताना कार्डाची ‘ऑफ’ मेथड बोलावते आणि वीजच तोडते. ग्यानबाची मेख पत्त्यात आहे: आपल्या लॅपटॉपमधला कार्डाचा एसीपीआय पत्ता विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधून शोधून त्यात घालावा लागतो. दुसऱ्याची फाइल जशीच्या तशी उचलली तर बहुधा काहीच घडत नाही, एररसुद्धा येत नाही. शिवाय ओपनकोअर (हॅकिंटॉशचा बूटलोडर) एसीपीआय बदल विंडोजलाही लावतो. म्हणून फाइलमध्ये ‘डार्विन’ची (फक्त मॅकओएस असेल तरच चालायची) अट हवीच, नाहीतर विंडोजमध्ये गेमच चालायचे नाहीत.

इन्स्टॉल करताना पहिला, रोजच्या वापराला दुसरा. एचडीएमआय पोर्ट एनव्हिडियाला जोडलेलं असेल तर बाहेरचा मॉनिटर दोन्हींत मिळणार नाही.